धुराचा जमाखर्च

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे आगीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही गेल्या डिसेंबरात यवतमाळच्या आमच्या अंगणात ‘ऑफसेट स्मोकर’ नावाचं यंत्र अवतरलं आणि त्याचं परीक्षण लिहिण्याइतका धूर मी खाल्ला. एवढा अधिकार पुरे. सिनेमाचे परीक्षक तरी कुठे सिनेमा काढतात?

यंत्राचं माहेर टेक्सास. तिकडे तेलविहिरींवरचे वेल्डर जुने जाड पाइप कापून असले स्मोकर बनवत. रचना साधी आहे. एक आडवं पिंप, त्याच्या कुशीला जरा खाली एक अग्निपेटी. जाळ पेटीत, मटण पिंपात. मधल्या भोकातून शेक आणि धूर आत शिरतो, मटणावरून फिरतो आणि पलीकडच्या टोकाच्या धुराड्यातून निघून जातो. मटणाला जाळाचं दर्शन म्हणून होत नाही. आमच्या बँकेतही हेच. साहेब केबिनमध्ये पेटलेले, शेक काउंटरवर. केबिनच्या दाराशी बसणारा करपतो, कोपऱ्यातला कच्चा राहतो. म्हणून स्मोकरात तुकडे अधूनमधून फिरवावे लागतात. आमच्याकडे त्याला बदली म्हणतात.

घेताना पत्रा पाहावा. सहा मिलिमीटरचा असला तर उष्णता धरून ठेवतो. मी काटकसर करून पातळ पिंपावर भागवलं. पातळ पत्र्याचा स्वभाव माझ्या बचत खात्यासारखा, आलेलं टिकत नाही. शिवाय दाराला फटी. काटा 107 ते 121 अंशांत राहावा असं शास्त्र सांगतं, माझा काटा शेअरबाजारासारखा हिंडत होता.

त्यात जळणाची माझी अक्कल. जिल्हा कापसाचा, पऱ्हाट्या फुकट, म्हणून पेटीत पऱ्हाट्या कोंबल्या. काटा भसकन 200 च्या पुढे, आणि पाच मिनिटांनी पेटीत राख. सागवानाचं नाव काढलं तेव्हा बायको पलंगाच्या पायांकडे पाहू लागली. शेवटी वाळकी बाभूळ आणली. टेक्सासवाले मेस्किट जाळतात, ते आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं चुलत भावंड, तेव्हा घराणं चुकलं नाही. एक मात्र शिकलो. दाट पांढरा धूर दिसला की लोक ‘वा!’ म्हणतात, पण तो कोंडलेल्या जाळाचा, मटण कडू करणारा. चांगला धूर निळसर असतो, जेमतेम दिसतो.

सकाळी नऊला बोकडाची मांडी ठेवली. दुपारी आतलं तापमान 68 वर आलं आणि थांबलं. तासभर, दोन तास, तीन तास. मटणाला घाम येतो, घाम वाळताना थंडावा येतो, म्हणून ते अडतं. बँकेत याला स्टॅग्नेशन म्हणतात आणि त्याची वेगळी वेतनवाढ मिळते. मटणाच्या वाट्याला फक्त शिव्या आल्या. तिकडे ही युक्ती चरबीदार मांसासाठी आहे, आपला बोकड सडसडीत. त्याला पाण्याचं भांडं शेजारी न ठेवता बारा तास शेकलं तर चपलेचा अंगठा तयार होतो. हा यंत्राचा नव्हे, आयातीचा दोष.

पाचच्या सुमारास दारव्ह्याकडून आई आली. तिने यंत्राला एक फेरी घातली.

“कायले एवढा खर्च केला रे? हे तं वैल होय बाप्पा!”

खरंच की! चुलीत जाळ, आणि बाजूच्या वैलावर नुसत्या शेकानं दिवसभर मुरणारं दूध, वरण. टेक्सासचा शोध आमच्या स्वैपाकघरात मातीत लिंपलेला होता. मी खूश होऊन परंपरेवर बोलणार, एवढ्यात ती म्हणाली, “याले धुराडं हाये.”

आणि धुराड्याकडे बघत राहिली.

आमच्या चुलीला धुराडं नव्हतं. 1980 च्या दशकात सरकारने निर्धूर चुली आणल्या, आमच्या घरापर्यंत त्या पोचल्या नाहीत. टेक्सासात धूर मटण खातं, आमच्याकडे आई खायची. डॉक्टरांनी तिला एकदा विचारलं होतं, “दिवसाला किती विड्या ओढता?” ती रागावली होती. गॅस आला त्या दिवशी चूल तिनेच कुदळीनं फोडली. मी त्या चुलीच्या वासावर एक हळवा लेख लिहिला होता, पंख्याखाली बसून. लेख छापून आला. तिने वाचला की नाही, विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

“फटीतून शेक चालला,” ती म्हणाली, “माती आन.”

बागेतली माती आणि कुठूनसं मिळवलेलं शेण कालवून तिने बोटांनी दाराच्या फटी लिंपल्या. काटा पहिल्यांदाच 110 वर येऊन बसला आणि हलला नाही. साडेनऊला मटण हाडापासून सुटलं. पाहुणे तोवर वरणभातावर जेवून मोकळे झाले होते. यंत्राला मी पास करतो. फटी लिंपणारं माणूस मात्र सोबत मिळत नाही.

आईने चव घेतली. “मऊ हाये,” एवढंच म्हणाली. मग वारा फिरला तशी तिने खुर्ची उचलली आणि धुराड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.