प्लगच्या खोक्यावरचा मजकूर

जासईत स्पार्क प्लगवर बोलायचं म्हणजे थोडी गंमतच आहे. इथून गव्हाण फाट्याकडे जा नाहीतर दास्तान फाट्याकडे, रस्ताभर बंदराचे ट्रेलर. आणि ट्रेलर डिझेलचे, त्यांना स्पार्क प्लग नसतोच. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. पण त्याच ट्रेलरच्या मागे जॅममध्ये इको, अर्टिगा, वॅगन आर अडकलेल्या असतात. कंपनीत लावलेल्या, सीएनजीवरच्या, दिवसाला दोनदोनशे किलोमीटर मारणाऱ्या. त्यांच्या मालकाला गॅरेजमध्ये हमखास विचारलं जातं, "साधे टाकू का इरिडियम?" आणि तो माणूस, हप्ता डोक्यावर असताना, "टाक चांगलेच" म्हणून मोकळा होतो.

हे "चांगले" म्हणजे काय, ते आज बघू. पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते. मी आज एका खोक्यावरच्या मजकुराची करणार आहे. महाग प्लगाच्या खोक्यावर साधारण तीन गोष्टी असतात: पॉवर वाढेल, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल. बरं, वाढेल ते कशापेक्षा? हा शब्द खोक्यावर बहुतेक वेळा नसतोच. माझी सगळी टीका त्या नसलेल्या शब्दावर आहे.

आधी प्लगचं काम समजून घेऊ. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० ठिणग्या पडतात. सेकंदाला २५. ठिणगीने फक्त मिश्रणाला आग लावायची. पुढे ज्योत स्वतःच पसरते, आणि ताकद येते ती इंधनातून. चूल पेटवायला महागाची काडी वापरली म्हणून भात लवकर शिजत नाही. काड्या सादळलेल्या असतील तर मात्र घासत बसावं लागतं, आणि तेव्हा कोरडी पेटी आणली की फरक कळतोच. पण १५०० पैकी १५०० वेळा आग लागत असेल, तर इरिडियम पंधराशे एकावी आग कुठून लावणार?

म्हणजे महाग प्लग ही शुद्ध थाप आहे का? नाही. साध्या प्लगाचं मधलं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, साधारण अडीच मिलिमीटर जाड. इरिडियमच्या प्लगात ते ०.४ ते ०.६ मिलिमीटर. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम जवळजवळ २४५० ला. म्हणून टोक इतकं बारीक ठेवलं तरी ते टिकतं. बारीक टोकावरून ठिणगी उडायला व्होल्टेज कमी लागतं, आणि नुकती जन्मलेली ज्योत आजूबाजूच्या धातूला कमी उष्णता देऊन बसते. थंड इंजिन सुरू करताना, आयडलिंगला, पातळ मिश्रणात याचा उपयोग आहे. सीएनजीत तर जास्तच, कारण सीएनजीत ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून सीएनजी गाडीला कॉइल थकली किंवा प्लगाची गॅप वाढली की चढावर मिसिंग आधी कळतं. हे सगळं खरं आहे. पण हे सगळं बिघाड टाळण्याचं आहे. धडधाकट इंजिनात भर घालण्याचं नाही. खोकं पहिलं दाखवून दुसरं विकतं.

आता तुमच्यातले जुने ड्रायव्हर म्हणतील, "आम्ही प्लग बदलून फरक बघितलाय." बघितलाच असणार! कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट. मिश्रण कधी जाड, कधी पातळ. काजळी धरायची, प्लग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, गॅप नजरेने लावायची. तिथे नवा प्लग म्हणजे नवी गाडी वाटायची. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, पण तो अनुभव उतरला नाही. मिश्रण आणि टायमिंग आता कॉम्प्युटर सांभाळतो, ठिणगी चुकायला लागली तर दिवा लावतो. आपण मात्र पद्मिनीचा अनुभव अर्टिगाला लावतो.

माझ्याच गाडीचं सांगतो. बरेच किलोमीटर झालेले प्लग काढून मी इरिडियम टाकले आणि थेट चिर्ल्याहून अटल सेतूवर गेलो. गाडी उडाली! मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. नंतर लक्षात आलं, त्याच दिवशी एअर फिल्टर साफ झाला होता, चाकांत हवा भरली होती, आणि सेतूवर पुढे एकही ट्रेलर नव्हता. काही महिन्यांनी मी ते इरिडियम काढून बरोबर नंबरचे नवे साधे प्लग टाकले. पुन्हा सेतू. पिकअप तोच. म्हणजे मी जुन्याची तुलना नव्याशी केली होती आणि श्रेय धातूला दिलं होतं.

अ‍ॅव्हरेजचं तर विचारू नका. वहीत लिहून ठेवत होतो. सीएनजी पंपावर प्रेशर कधी दोनशे बार भरतं, कधी कमी पडतं. दुपारच्या उन्हात टाकी "फुल" झाली तरी वजनाने गॅस कमी बसतो. प्लग तेच असताना किलोला कधी चोवीस, कधी सत्तावीस. ज्या मापात तीन किलोमीटर इकडेतिकडे होतात, त्यात अर्ध्या किलोमीटरची वाढ शोधायची म्हणजे मीठ मोजायच्या काट्यावर सोनं तोलणं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून, तापमान ठरवून, तीच चाल पुन्हा पुन्हा चालवून मोजतात, ते उगाच नाही. आपल्या वहीतून एवढा बारीक फरक सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. विकणाऱ्याला हे सोयीचं पडतं.

अमेरिकेत हे प्रकरण सरकारपर्यंत गेलं होतं. स्प्लिटफायर नावाचा प्लग, बाहेरचं टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखं फाकलेलं. जाहिरातीत इंधन वाचेल, ताकद वाढेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून कंपनीला धरलं, आणि १९९७ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं.

आपल्याकडे उलट उदाहरण आहे, आणि ते मला जास्त आवडतं. बजाजने २००३ मध्ये पल्सरला एका सिलिंडरमध्ये दोन प्लग दिले, डीटीएस-आय. दोन बाजूंनी आग लागली की ज्योतीला अंतर कमी, ज्वलन लवकर. त्यावरून पुढे टीव्हीएसशी पेटंटचं भांडण मद्रास उच्च न्यायालयातून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. इथे प्लगाने खरंच फरक पडला, पण त्यासाठी इंजिनाचं हेडच प्लगाभोवती नव्याने बेतलं होतं. आणि तरी गंमत बघा. २०१२ मध्ये पल्सर २०० एनएसला तीन प्लग आले, ताकद २३.५ पीएस. त्याच चाकणात बनणारी, तेवढ्याच सीसीची केटीएम ड्यूक २००, एकच प्लग, २५ पीएस. तिला दोन कॅमशाफ्ट, फ्युएल इंजेक्शन. ताकद कुठून येते ते इथे दिसतं.

मग महाग प्लग घ्यायचा कोणी? हिशेब करू. साधा १५० रुपयांना धरा, ३० हजार किलोमीटर. इरिडियम ७०० ला, एक लाख. चार प्लगांचे एका लाखाला साधे दोन हजार, इरिडियम अठ्ठावीसशे. पण साधे तीनदा बदलायचे, दर वेळी मजुरी आणि बुडालेला दिवस. वर्षाला साठ हजार किलोमीटर मारणाऱ्याचं गणित साधारण बरोबरीत सुटतं, म्हणून त्याने खुशाल घ्यावा, आयुष्यासाठी घ्यावा. रविवारी बाजारात आणि दिवाळीत गावाला जाणारी गाडी असेल, तर तो प्लग तुमच्याआधी गाडीच विकली जाईपर्यंत संपणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. "रेसिंग"वाला थंड प्रकारचा प्लग घेऊ नका. प्लगाचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच काजळी जळून जाते. आपण दास्तान फाट्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. थंड प्लग तिथे तापतच नाही, काळा पडतो, आणि मग पैसे देऊन मिसिंग विकत घेतलं असं होतं. आणि इरिडियमच्या टोकाला पॉलिश पेपर लावू नका, तुटतं ते.

मागून विचारतायत, कंपनीतूनच इरिडियम आलेत, साधे टाकून पैसे वाचवू का? नको. त्या इंजिनाची गॅप आणि बदलायची मुदत त्याच प्लगावर ठरलेली आहे. पुस्तिकेतला नंबर सोडू नका, ना वर ना खाली.

आणि काका, तुम्ही रुमालात बांधून आणलेत ना, द्या इकडे. हे बघा मंडळी. पहिला, दुसरा, तिसरा फिक्या तपकिरी रंगाचे, म्हणजे ज्वलन नीट आहे. चौथा काळा आणि तेलकट. काका, तुम्हाला इरिडियम टाका म्हणाले होते ना? तो चौथ्यात टाकला असता तर तोही महिन्याभरात असाच झाला असता. तेल वरून झिरपतंय किंवा रिंगमधून चढतंय. उद्या कॉम्प्रेशन तपासून घ्या, आणि चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सीलही बघायला सांगा.