वाडा वाचवायचा, पण कुणी?

अकलूजच्या आमच्या वाड्याच्या पुनर्विकासाचा करार सहीसाठी आलाय आणि घरातला एकमेव विरोधक, म्हणजे मी, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून वारसा-यादीचे नियम वाचतोय. मध्येच 'वाडा चिरेबंदी' पुन्हा काढलं. महेश एलकुंचवारांचं हे 1985चं नाटक आपण मोडत्या वाड्याची शोककथा म्हणून वाचतो. या वेळी मला ते जमाखर्चाच्या वहीसारखं वाटलं.

मुंबईच्या 1995च्या वारसा नियमावलीत दुसऱ्या श्रेणीच्या इमारतीला आतले बदल चालतात. बाहेरचं रूप जपायचं. एलकुंचवार नेमके आत शिरतात. अंगणात गंजणारा ट्रॅक्टर, त्याने जखमी झालेला चंदू, शिक्षण राहून गेलेली प्रभा. वाडा उभा आहे तो अशांच्या जिवावर. आणि भाऊ वाद घालतात ते तेराव्याच्या खर्चावरून!

सुधीर मुंबईहून येतो, हळहळतो, परत जातो. त्याची हळहळ खरी आहे, फक्त तिला पैसे पडत नाहीत. इथे मी पुस्तक मिटलं.

अर्ज करणारच आहे. पण आधी काकूला विचारेन, पावसाळ्यात ती किती ठिकाणी बादल्या लावते ते.