रामरक्षा : शिर कुणाचे?

दिवेलागणीला रामरक्षा म्हटली की ताप उतरतो, बाधा होत नाही, असे आमच्या शाळेतले एक गुरुजी सांगत. मी ती पाठ केली. म्हणून दाखवायला उभा राहिलो तर ते म्हणाले, “तू बस. तुम्हा लोकांच्या जिभेला हे वळायचं नाही.” घरातला पहिला पदवीधर मी, आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. ते अडतीस श्लोक अजून पाठ आहेत.

रचना कच्ची नाही, हे आधी कबूल करतो. बुधकौशिक ऋषीच्या नावावरच्या या स्तोत्राचा गाभा आहे कवच. मस्तकापासून पायांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या हवाली केला जातो. नावेही उगीच घातलेली नाहीत. कानांना विश्वामित्राचा लाडका, नाकाला यज्ञाचा रक्षक, बाहूंना शिवधनुष्य मोडणारा, हृदयाला परशुरामाला जिंकणारा. रामाचे चरित्रच रुग्णाच्या देहावर उलगडत जाते. अंथरुणाशी बसून कुणीतरी आपले अवयव असे मायेने मोजतो आहे, याचा धीर मोठा असणार. औषध नव्हते त्या काळात तर असणारच.

पण या चरित्रात शंबूक नाही. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो. कारण काय, तर एक शूद्र तप करतो आहे. राम त्याचे शिर उडवतो आणि मूल जिवंत होते. म्हणजे जीव वाचवण्याची हीही एक रामकथाच! कवचातली पहिली विनवणी मस्तकाच्या रक्षणाची आहे. कुणाचे मस्तक, हे आमच्या गुरुजींना नेमके ठाऊक होते. स्तोत्रवाङ्मयाच्या नादमाधुर्यावर पाने भरणाऱ्या समीक्षकांना हा प्रश्न पडत नाही.

मात्र माझीही एक अडचण आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या घरातले देव गेले. गेल्या वर्षी आई आजारी पडली तेव्हा मावशीने परित्राणपाठ ठेवला. पाण्याचे भांडे, मनगटाला पांढरा दोरा. रतनसुत्तामागे वैशालीच्या रोगराईची कथा अट्ठकथेत आहे, हे मला माहीत होते. तरी मी चिडलो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आजोबांच्या घरात पुन्हा दोरा? आई म्हणाली, “आरं, हितं समद्यांनी मिळून म्हनायचं असतंय. कुनी कुनाला उठवत न्हाई.”

तिच्या गोळ्यांच्या वेळा मी कागदावर लिहून भिंतीला लावल्या आणि मागे जाऊन पाठाला बसलो. राग गेलेला नव्हता.