सुरपूरचे नायक आणि मराठीतील ‘बेरड’

एखाद्या जमातीचे नाव भाषेत शिवी होऊन बसले की, त्या नावामागे कधी काळी एक राज्य उभे होते याचा भाषेला विसर पडतो. ‘बेरड’ हा शब्द असाच आहे. निगरगट्ट, निर्लज्ज, एवढाच त्याचा अर्थ आमच्या व्यवहारातील मराठीत उरला आहे. 1987 साली भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. बेळगावजवळच्या यमनापुरातील जीवन, पोलिसांचा कायमचा संशय आणि त्यातून शिक्षणाकडे निघालेला एक मुलगा, अशी ही हकीकत आहे. आम्ही ती प्रायः दुःखाची कहाणी म्हणून वाचतो. हे वाचन खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

या अपुरेपणाचे कारण शोधण्यासाठी बेळगाव सोडून पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्याकडे वळले पाहिजे. तेथील सुरपूर ही बेरड नायकांची राजधानी. त्यापूर्वीचे त्यांचे ठाणे वाकिनखेडा. 1705 साली वृद्ध औरंगजेब स्वतः त्या किल्ल्यावर चालून गेला. धनाजी जाधवांची फौज बेरडांच्या साहाय्यास आली. किल्ला पडला, पण पीड्या नायक हाती लागला नाही. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातील हा प्रसंग आमच्या इतिहासग्रंथांत आहे. मात्र त्यातील मित्र आणि आमच्या बोलीतील ‘बेरड’ एकच, हे आमच्या ध्यानी येत नाही.

पुढे 1841 नंतर सुमारे बारा वर्षे मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी सुरपूरचा कारभार पाहत होता. अल्पवयीन राजा व्यंकटप्पा त्यास ‘अप्पा’ म्हणे. 1858 साली राजाने बंड केले. तो पकडला गेला आणि कैदेत नेला जात असता वाटेतच गोळी लागून त्याचा अंत झाला. टेलरच्या मृत्यूनंतर, 1877 साली निघालेल्या त्याच्या आत्मचरित्रात हा प्रसंग मोठ्या कळवळ्याने आला आहे. तो कळवळा खरा आहे, यात आम्हांस शंका नाही. परंतु तो पालकाचा आहे. राजाने बंड का केले, हे राजाच्या तोंडून त्या ग्रंथात कोठेच ऐकू येत नाही. 1860 साली इंग्रज व निजाम यांच्यात तह झाला. रायचूर दुआब आणि धाराशिव निजामास परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, आणि सुरपूरही त्याच्या पदरात पडले. ज्यांच्या भूमीचा हा व्यवहार झाला, ते त्या तहात पक्षकार नव्हते.

आता गस्तींचे पुस्तक पुन्हा हाती घ्यावे. तेथे प्रथमच बेरड स्वतः बोलतो. कोणाचा पाल्य म्हणून नव्हे. पोलिसांच्या संशयामागे केवळ दारिद्र्य नाही. शस्त्र आणि सत्ता काढून घेतल्यावर मोकळ्या पडलेल्या लढवय्यांकडे राज्यकर्ते कोणत्या दृष्टीने पाहतात, त्याची ती परंपरा आहे. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी 1857 साली नि:शस्त्रीकरणाच्या हुकुमाविरुद्ध लढा दिला, तो याच भयापोटी.

यावर आक्षेप येईल की, सुरपूरच्या राजवाड्याशी यमनापुरातील झोपडीचा संबंध काय? राजाची सत्ता म्हणजे प्रजेची सत्ता नव्हे. हा आक्षेप रास्त आहे, आणि गतवैभवाच्या गौरवगीताने गस्तींच्या पुस्तकाचे मोल वाढणार नाही. परंतु आमचा मुद्दा वैभवाचा नाही. स्वतःविषयीच्या निर्णयात स्वतःचा शब्द असणे, हाच तो मुद्दा आहे. 1860 च्या तहात जे नाकारले गेले, तेच गस्ती गद्यात परत मागत आहेत.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. 1952 साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, 1956 साली राज्यांच्या सीमा बदलल्या. 1991 पासून कर्नाटकात बेडर व वाल्मीकी ही नावे नायक या अनुसूचित जमातीत आली. 2008 पासून सुरपूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रात, बेरड विमुक्त जातींत मोडतात. त्या वर्गास विधानसभेत राखीव जागा नाहीत. एकाच नावाच्या माणसांस एका बाजूस प्रतिनिधी निवडण्याची हमी आहे, दुसऱ्या बाजूस ती नाही.

साहित्याचे अध्यापन कायदा बदलीत नाही. पण शब्दाचा अर्थ बदलण्यात त्याचा वाटा असतो. गस्तींचे पुस्तक शिकविताना वाकिनखेडा आणि 1860 चा तह यांचा उल्लेख झाला, तर विद्यार्थ्याच्या मनात कणवेबरोबर एक प्रश्नही उभा राहील: यांच्या वतीने आजवर कोण बोलत आले, आणि कोणाच्या अधिकाराने?