घटक एक की अनेक? : रेव्हिट प्रणालीतील टॅग व तालिका यांची चिकित्सा

प्रस्तावना

इमारतीच्या नकाशात दरवाजा हे एकच चिन्ह असते; प्रत्यक्ष बांधकामात मात्र तो चौकट, झडपा, बिजागऱ्या, कडी, कुलूप अशा अनेक भागांचा समुच्चय असतो. हाताने नकाशे काढण्याच्या पद्धतीत या भेदामुळे फारशी अडचण उद्भवत नसे. नकाशावर ‘डी १’ अशी खूण करून तिचा तपशील बाजूच्या तक्त्यात लिहिला जाई आणि भागांची स्वतंत्र मोजणी अंदाजपत्रक तयार करणारा अभियंता करीत असे. मॉडेलवर आधारित संगणक प्रणालींनी नकाशा, खूण व तक्ता एकाच माहितीसाठ्यातून निर्माण करण्याची सोय केली. त्यामुळे ‘एक घटक कशाला म्हणावे?’ या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याऐवजी प्रणालीच्या रचनेतच द्यावे लागले. रेव्हिट या प्रणालीने ते कसे दिले आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पार्श्वभूमी

इमारतीचे एकच संगणकीय वर्णन ठेवावे आणि नकाशे व परिमाणे त्यातून काढावीत, ही कल्पना चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडली होती. १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर या कंपनीची रेव्हिट प्रणाली २००० मध्ये बाजारात आली आणि २००२ मध्ये ती ऑटोडेस्क कंपनीकडे गेली. या प्रणालीत टॅग म्हणजे नकाशावर लिहिलेली अक्षरे नव्हेत. घटकाशी निगडित माहिती तो केवळ दर्शवितो. तालिकाही तीच माहिती वाचते. त्यामुळे नकाशात ‘डी १’ आणि तक्त्यात ‘डी २’ अशी विसंगती टळते. हा या प्रणालीचा निर्विवाद गुण होय.

तीन ठिकाणी तीन भूमिका

अडचण सुरू होते ती बहुभागी घटकांपाशी. दरवाज्याची ‘फॅमिली’ तयार करताना तिच्या आत झडप किंवा कुलूप यांची स्वतंत्र फॅमिली बसविता येते. आतील फॅमिलीला ‘शेअर्ड’ ही खूण केलेली नसेल, तर प्रकल्पात संपूर्ण दरवाजा हा एकच घटक ठरतो. आतील भागाला स्वतंत्र टॅग लावता येत नाही व तालिकेत त्याची स्वतंत्र ओळही येत नाही. ती खूण केली, तर भागही स्वतंत्रपणे मोजला जातो. अर्थात भाग मोजायचा की नाही, हा निर्णय एका छोट्या चौकोनातील खुणेवर अवलंबून राहतो.

एकावर एक रचलेल्या, म्हणजे ‘स्टॅक्ड’ भिंतीच्या बाबतीत प्रणालीची भूमिका नेमकी उलट आहे. तेथे तालिकेत संपूर्ण भिंत येत नाही, केवळ तिच्या उपभिंती येतात. काचेच्या पडदाभिंतीच्या बाबतीत तिसरीच भूमिका दिसते. भिंत म्हणून ती एका तालिकेत येते, तर तिची तावदाने व दांडे आपापल्या तालिकांत पुन्हा येतात. म्हणजे एके ठिकाणी केवळ पूर्ण, दुसरीकडे केवळ भाग आणि तिसरीकडे दोन्ही, असा प्रकार एकाच प्रणालीत आढळतो. यांपैकी कोणतीही भूमिका स्वतंत्रपणे चूक म्हणता येणार नाही. मात्र त्यांमागे समान तत्त्व दिसत नाही आणि तालिका वाचणाऱ्यास ती कोणत्या भूमिकेतून तयार झाली हे समजत नाही.

मोजमापावरील परिणाम

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत लाकडी दरवाज्याच्या चौकटीचे काम घनमीटरमध्ये, झडपांचे काम चौरस मीटरमध्ये आणि बिजागऱ्या, कड्या आदी साहित्य नगांवर मोजले जाते. म्हणजे नकाशातील एक दरवाजा देयकात किमान तीन बाबींत विभागला जातो. ‘शेअर्ड’ खूण नसलेली फॅमिली दरवाज्यांची संख्या अचूक देते. या तीन बाबी मात्र सहजासहजी वेगळ्या करून देत नाही. सामग्रीनिहाय तालिका काढण्याचा पर्याय आहे. परंतु चौकट व झडप दोन्ही सागवानी असतील, तर त्या दरवाज्याचे सर्व सागवान एकाच ओळीत एकत्र होते. ज्या लाकडाचा दर दोन भिन्न एककांत द्यावयाचा, तेच एका आकड्यात मिसळले जाते.

याउलट सर्व भाग ‘शेअर्ड’ करावेत, असेही सुचविले जाते. येथे दुसरा धोका संभवतो. समजा, एका इमारतीत दुहेरी झडपांचे ४० दरवाजे आहेत आणि झडपेची फॅमिलीही ‘दरवाजे’ याच वर्गात तयार केली आहे. अशा वेळी तालिकेत ४० ऐवजी १२० ‘दरवाजे’ दिसतील. अनुभवी अभियंता ही चूक तत्काळ ओळखेल. परंतु संगणकाने काढलेला आकडा अचूकच असणार, या विश्वासाने तो तसाच निविदेत गेल्यास त्याची किंमत कंत्राटदार किंवा मालक यांपैकी कोणास तरी मोजावी लागेल.

२०१२ च्या आवृत्तीत आलेल्या ‘असेंब्ली’ या सुविधेने अनेक घटक एकत्र बांधून त्या समुच्चयाला स्वतंत्र टॅग व तालिका देण्याची सोय केली, आणि तरीही सुट्या भागांची मोजणी कायम राहते. ही सुधारणा महत्त्वाची आहे. तथापि, एक घटक एकाच असेंब्लीत राहू शकतो आणि असेंब्लीच्या आत दुसरी असेंब्ली ठेवता येत नाही. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या आयएफसी या खुल्या मानकात मात्र पूर्ण व भाग यांचे नाते अनेक पातळ्यांपर्यंत नोंदविता येते. त्या तुलनेत रेव्हिटची रचना तोकडी वाटते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, घटक एक मानावा की अनेक, हे भूमितीवरून ठरत नाही; ते पुरवठा, मोजमाप व देयक यांच्या व्यवहारावरून ठरते. प्रणाली हा व्यवहार जाणत नाही, त्यामुळे निर्णयाचा भार फॅमिली तयार करणाऱ्यावर पडतो. आणि कार्यालयात हे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ आरेखकाकडे असते. दोष केवळ प्रणालीला देऊन चालणार नाही. महाविद्यालयांतून ही प्रणाली आज्ञांच्या क्रमाने शिकविली जाते आणि अंदाजपत्रक हा विषय वेगळ्या तासाला, वेगळ्या अध्यापकाकडून शिकविला जातो. या दोन विषयांची सांगड घालणे आवश्यक आहे. फॅमिली तयार करण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत : हा भाग स्वतंत्रपणे पुरविला जातो काय? त्याचे देयक कोणत्या एककात होते? तो पुढे स्वतंत्रपणे बदलावा लागेल काय? ही उत्तरे लिहून झाल्यावरच ‘शेअर्ड’ खूण करावी किंवा टाळावी. तसेच पहिली तालिका हाती येताच किमान एका खोलीतील दरवाजे-खिडक्या हाताने मोजून तिच्याशी ताडून पाहण्याचा पाठ प्रात्यक्षिकात समाविष्ट करावा.