तारे मोजणारा पेपर आणि सफाळे
२०२३ मधला ‘सायन्स’मधला कायबा आणि सहकाऱ्यांचा पेपर वाचाच. २०११ ते २०२२ दरम्यान लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे बघून केलेल्या ५१ हजारांवर नोंदी, आणि निष्कर्ष: रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६% उजळतंय. उपग्रहाच्या मोजणीत ही वाढ जेमतेम २%. कारण एलईडीचा निळा प्रकाश त्या सेन्सरला दिसत नाही, आडवा जाणाराही बराचसा निसटतो.

पद्धत झकास, पण ‘जागतिक’ म्हणणं मला पटत नाही. बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या. उरलेलं सगळं जग एकाच डब्यात, ७.७%! सफाळ्याच्या दक्षिणेला विरार, उत्तरेला तारापूर एमआयडीसी. इथल्या प्रस्तावात तो आकडा चिकटवू नका. तांदुळवाडी किल्ल्यावरून तारे मोजा, तेही दिवे बदलण्याआधी. जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ ठरलेल्या पेंचभोवतीच्या गावांत दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. तसं इथे झालं, तर तुलनेला आधीची नोंद हाताशी हवी.