‘निष्ठा’ आणि ‘करार’ : फुटबॉलप्रेमींच्या उन्हाळी संभाषिताची चिकित्सा

बीजशब्द : चाहता, अफवा, करार, निष्ठा, आर्सेनल

प्रस्तावना

इंग्लंडमधील फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात मैदाने रिकामी असतात; परंतु फुटबॉलविषयीचे बोलणे थांबत नाही, उलट त्याला बहर येतो. कोणता खेळाडू येणार, कोणता जाणार, कोणाच्या करारात किती वर्षे शिल्लक आहेत, हे विषय पबमध्ये, आगगाडीच्या डब्यात आणि कामाच्या ठिकाणी चघळले जातात. वरवर पाहता हा निव्वळ वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. मात्र कोणत्याही समूहाचे नेहमीचे बोलणे त्या समूहाच्या धारणा उघड करीत असते. निक हॉर्न्बी यांचे ‘फीवर पिच’ (१९९२) हे एका आर्सेनलप्रेमीचे आत्मकथन प्रसिद्ध झाल्यानंतर चाहत्याचे भावविश्व हा साहित्याचाही विषय झाला.

प्रस्तुत लेखात लंडनच्या आर्सेनल या क्लबच्या चाहत्यांचे संभाषित उदाहरणादाखल घेतले आहे. या संभाषितात ‘निष्ठा’ हे सर्वोच्च मूल्य मानले जाते; परंतु ते ज्या जुन्या काळाच्या स्मृतीवर उभे आहे, त्या काळात खेळाडूची निष्ठा ही बऱ्याच अंशी निवड नसून सक्ती होती, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. अफवा : एक कथनप्रकार

मराठीत ‘वदंता’ हा शब्द आहे. जिचा कर्ता सापडत नाही आणि जी कर्णोपकर्णी वाढत जाते, ती वदंता. खेळाडूंच्या बदल्यांविषयीच्या बातम्यांचे स्वरूप नेमके असेच आहे. ‘सूत्रांकडून समजते’ या दोन शब्दांवर त्यांचा सारा डोलारा उभा असतो. लोककथेप्रमाणे त्यांच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : प्रथम क्लबला ‘रस’ असतो, मग बोलणी सुरू होतात, रकमेवरून ती अडतात, वैद्यकीय तपासणी होते आणि शेवटी नवा सदरा हातात धरलेले खेळाडूचे छायाचित्र झळकते. ऐकणाऱ्याला हा क्रम पाठ असतो. तरीही प्रत्येक उन्हाळ्यात तो नव्याने उत्कंठित होतो.

या कथनाला आजचा आकार एका नियमाने दिला. फिफा व युरोपीय आयोग यांच्यात २००१ मध्ये झालेल्या समझोत्यानंतर बदल्यांसाठी ठरावीक मुदती आल्या आणि इंग्लंडमध्ये २००२-०३ च्या हंगामापासून ही पद्धत लागू झाली. पूर्वी हंगामाच्या बहुतांश काळात विखुरलेले व्यवहार त्यामुळे उन्हाळ्यात व जानेवारीत एकवटले. कथेला आरंभ मिळाला, शेवट मिळाला आणि शेवटच्या दिवसाची घालमेलही मिळाली.

मात्र चाहता हा भाबडा श्रोता असतो, असे मानणे चुकीचे ठरेल. अनुभवी चाहता बातमी ऐकताच विचारतो : हे पसरण्यात हित कोणाचे? वेतनवाढीच्या बोलण्यांत अडकलेल्या खेळाडूचा दलाल दुसऱ्या क्लबचे नाव मुद्दाम पुढे करतो, हे त्याला माहीत असते. इतिहासाचा विद्यार्थी बखरीकडे ज्या सावधपणे पाहतो, त्याच सावधपणे तो वृत्ताकडे पाहतो. त्याच्या या चिकित्सक वृत्तीची नोंद घेणे अगत्याचे आहे. कारण हीच वृत्ती ‘निष्ठे’पाशी येऊन थबकते.

२. करार : न वाचलेली संहिता

उन्हाळी चर्चेचा खरा केंद्रबिंदू करार हा आहे. गंमत अशी की, ज्या कागदावर एवढी चर्चा होते, तो चर्चा करणाऱ्यांपैकी कोणीच पाहिलेला नसतो. २०१३ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझसाठी ४ कोटी १ पौंड देऊ केले. ४ कोटींहून अधिक रक्कम आल्यास खेळाडूला क्लब सोडता येईल, अशा आशयाचे कलम करारात आहे, ही आर्सेनलची समजूत होती आणि वरचा एक पौंड त्या कलमासाठी होता. लिव्हरपूलने तो अर्थ मान्य केला नाही व सुआरेझ त्या वर्षी तेथेच राहिला. एका न पाहिलेल्या वाक्याच्या अर्थावर दोन्ही क्लबांचे चाहते दीर्घकाळ वाद घालत राहिले. अर्थनिर्णयनाचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

अलीकडे या चर्चेत जमाखर्चाची भाषा शिरली आहे. क्लब खेळाडूसाठी मोजलेली रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची टाकतो. ५ कोटी पौंडांचा खेळाडू ५ वर्षांच्या करारावर घेतला, तर दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी तो ३ कोटींना विकला, तर घेतलेल्या किमतीहून कमी मिळूनही वहीत १ कोटीचा नफा दिसतो. २०२३-२४ मध्ये तोट्याच्या मर्यादेचा भंग केल्याबद्दल एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापले गेले, तेव्हा ही आकडेमोड सामान्य चाहत्याच्याही तोंडी रुळली.

तिचा एक परिणाम अस्वस्थ करणारा आहे. क्लबच्या स्वतःच्या प्रबोधिनीत वाढलेल्या खेळाडूची खरेदी किंमत नसते; म्हणून तो विकल्यास सगळी रक्कम ‘शुद्ध नफा’ ठरते. लहानपणापासून आर्सेनलमध्ये घडलेला एमिल स्मिथ रो याने २०२१ च्या उन्हाळ्यात नवा करार केला आणि त्याला १० क्रमांकाचा सदरा मिळाला, तेव्हा चाहत्यांना तो घरचा मुलगा वाटला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो फुलहॅमला विकला गेला, तेव्हा हळहळीसोबतच ‘शुद्ध नफा’ हा शब्दही ऐकू आला. जो सर्वांत जवळचा, तोच विकायला सर्वांत सोयीचा! आपुलकीची भाषा आणि वहीची भाषा यांतील विसंवाद येथे उघडा पडतो.

३. ‘निष्ठा’ या शब्दाचा इतिहास

२०११-१२ च्या हंगामात ३० गोल करून लीगमध्ये अव्वल ठरलेला आर्सेनलचा कर्णधार रॉबिन व्हॅन पर्सी याने ४ जुलै २०१२ रोजी, एक वर्ष शिल्लक असलेला करार आपण वाढवणार नसल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये तो मँचेस्टर युनायटेडकडे गेला आणि युनायटेडने पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले. २८ एप्रिल २०१३ रोजी आर्सेनलच्या मैदानावर नव्या विजेत्यांना मानवंदना देण्यासाठी यजमान खेळाडू रांगेत उभे राहिले. प्रेक्षकांतून मात्र व्हॅन पर्सीची हुर्यो झाली. ‘गद्दार’ ही त्याची ओळख झाली.

वस्तुतः त्याने कोणताही करार मोडला नव्हता. करार न वाढवणे हा त्याचा हक्क होता आणि वर्षभराने तो मोफत जाईल म्हणून त्याला विकणे हा क्लबचा निर्णय होता. शिवाय याच चाहत्यांनी २००१ मध्ये टॉटनहॅमचा कर्णधार सोल कॅम्पबेल करार संपवून एक पौंडही न घेता आर्सेनलकडे आला, तेव्हा त्याला डोक्यावर घेतले होते. टॉटनहॅमच्या चाहत्यांनी त्याला ‘जुडास’ म्हटले. म्हणजे निष्ठाभंग हा कृतीत नसून पाहणाऱ्याच्या जागेत असतो.

‘पूर्वीचे खेळाडू असे नव्हते’ हे या संभाषितातील पालुपद आहे. त्याची तपासणी केल्यास वेगळेच चित्र दिसते. जुन्या पद्धतीत करार संपल्यावरही क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमचा करार १९६० मध्ये संपला. क्लब त्याला सोडेना, म्हणून त्याने खेळणेच थांबवले आणि पोटासाठी दुसरे काम धरले. अखेर त्याच वर्षी त्याला जाऊ देण्यात आले, ते आर्सेनलकडे. तरीही त्याने न्यायालयीन लढा सोडला नाही. खेळाडूला असे अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन आहे, असा निर्णय १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी दिला. आठवड्याला २० पौंड ही वेतनाची कमाल मर्यादाही जानेवारी १९६१ पर्यंत होती. पुढे बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निर्णयाने करार संपलेल्या खेळाडूसाठी रक्कम मागण्याची प्रथा युरोपीय संघातील देशांदरम्यान मोडीत निघाली.

दार बाहेरून बंद असेल, तर आतल्या माणसाला ‘एकनिष्ठ’ म्हणता येईल काय? काही खेळाडू खरोखरच प्रेमाने राहिले असतील. परंतु त्या व्यवस्थेत राहणे आणि अडकणे यांत भेद करण्याचे साधनच नव्हते. तो भेद ईस्टहॅम व बोस्मान यांच्या लढ्यांनी शक्य केला.

४. एकतर्फी अपेक्षा

निष्ठेची ही मागणी क्लबकडे क्वचितच वळते. पिएर-एमरिक ऑबामेयांग याने सप्टेंबर २०२० मध्ये नवा करार केला, तेव्हा चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डिसेंबर २०२१ मध्ये शिस्तभंगावरून त्याचे कर्णधारपद गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो करार संपवून बार्सिलोनाकडे गेला, तेव्हा वेतनखर्च वाचला म्हणून अनेकांनी पुन्हा निःश्वासच टाकला. खेळाडूने करार संपवणे हा द्रोह आणि क्लबने संपवणे हा व्यवहार, अशी ही विभागणी आहे.

तिचे मूळ एका सर्वनामात आहे. इंग्रज चाहता क्लबविषयी नेहमी प्रथमपुरुषी अनेकवचनात बोलतो. ते मराठीत सांगताना ‘आम्ही’ की ‘आपण’ असा प्रश्न पडतो आणि ‘आपण त्याला घ्यायला हवे’ हेच रूप खरे वाटते. परंतु या ‘आपण’मध्ये मालक सामील असतो काय? २०१८ मध्ये स्टॅन क्रोन्की यांनी आर्सेनलची संपूर्ण मालकी मिळवली, तेव्हा ज्या चाहत्यांनी एखाददुसरा समभाग जिवापाड जपला होता, त्यांनाही तो सक्तीने विकावा लागला. कागदावरचे ‘आपण’ संपले. बोलण्यातले मात्र टिकून राहिले.

समारोप

या संभाषिताला उथळ म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्याच्या हाती कोणताही निर्णय नाही, तो चाहता उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तरी बोलण्यातून निवडकर्ता, हिशेबनीस आणि भाष्यकार होतो. त्याच्या रागामागेही एक सत्य आहे. खेळाडूला करार आहे, मालकाला समभाग आहेत. चाहत्याला मात्र बदलीची मुदत नाही आणि दुसरा क्लबही नाही. न सुटणारे नाते त्याचे एकट्याचे आहे. म्हणून ‘निष्ठा’ हा शब्द त्याच्यापुरता खरा आहे. स्वतःच्या नात्याचे माप तो नोकरी करणाऱ्या माणसाला लावतो, तेथे त्याची चूक होते. खेळाडूकडून करार पाळण्याची आणि करार असेपर्यंत मनापासून खेळण्याची अपेक्षा रास्त आहे. त्यापलीकडची मागणी ही ईस्टहॅमने नाकारलेल्या बंधनाचीच मागणी ठरते. आणि तो ईस्टहॅम पुढे आर्सेनलचाच सदरा घालून खेळला, हे आर्सेनलच्या चाहत्याने तरी विसरू नये.